रेघ आणि शून्य

शहापुरातल्या भाड्याच्या खोलीत, रात्री साडेअकराला,
मी एका तारखेपाशी अडकले.
तीन ऑगस्ट. हुळंदवाडी, तालुका खानापूर.
पाऊस: शून्य.
चार ऑगस्ट: तीनशे अकरा मिलिमीटर.

आभाळ असं वागत नाही.
निदान जांबोटीच्या वर, ऑगस्टात तरी नाही.

साइटवर आमचा जिल्हा दोनदा आहे,
एकदा जुन्या नावाने, एकदा नव्या,
आणि नाव बदललं त्या वर्षातले दोन महिने
दोन्ही घरांनी नाकारलेत.
फाइल आडवी स्कॅन केलेली. मान वाकडी करून वाचते.
कानडी सहा आणि कानडी नऊ, जुळे भाऊ;
शेजारच्या गंगव्वाक्कांना हाक मारते.
त्या चष्मा पुसतात, पडद्याला नाक लावतात:
"सहा असंल बाळ. न्हाईतर नऊ."

दुसऱ्या तक्त्यात त्याच तारखेला रेघ.
तिसरा तक्ता देखणा, कुण्या संस्थेचा,
नकाशावर निळ्याच्या सात छटा,
तिथे त्या दिवशी शहाऐंशी पूर्णांक चार.
हा कुठून आला?
तळटीप सांगते: रिकाम्या जागा सरासरीने भरल्या आहेत.
किती सभ्य वाक्य.
पंगतीला न आलेल्याच्या पानावर
शेजारच्यांनी आपलं थोडं थोडं वाढावं
आणि म्हणावं, जेवून गेला.

सर म्हणाले, निळा घे, सगळे तोच घेतात.
मी सकाळची बस घेतली.

रवळू घाडी. शाळेत शिपाई होते, आता निवृत्त.
पर्जन्यमापक शाळेमागे, शाळा ओढ्यापलीकडे.
रोज सकाळी साडेआठ, एकोणतीस वर्षं.
पत्र्याच्या ट्रंकेतून वह्या काढल्या,
डांबरगोळ्यांचा वास अंगणभर.

एका जूनमध्ये: थोरलीचं लग्न. पुतण्यानं बघितलं.
एका जुलैत: नळ्यात बेडूक. काढला.
त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह, पेन्सिलीचं,
बेडकाइतकंच फुगलेलं.

आणि तीन ऑगस्टला रेघ.
शेऱ्यात: ओढ्याला पाणी.
खाली, चारला: ३११, दोन दिसांचं.

"वड्याला कमरंच्या वर पानी," ते म्हणाले,
"पलीकडं कसं जातंय?
घरात बसून दीडशे लिव्हलो असतो,
कोण इचारणार हुतं?
पर न बगता कसं लिव्हायचं. रेघ मारलो."

मग शून्य कुणी केलं?

"त्ये मी न्हवं. हापिसात मशीनला
रेघ चालत न्हाई म्हनं."

म्हणजे ओढ्याने माणसाला अडवलं
इतका पडला, तो दिवस
सगळ्यात कोरडा.
मी हे वहीत लिहिलं आणि मग खोडलं,
फार छान वाटत होतं ते वाक्य.

फोटो काढून झाले. काकूंनी फणसाचे तळलेले गरे दिले.
जाताना त्यांनी विचारलं,
"बेळगावात काल किती झाला की?"
मी फोन काढला. रेंजची एक काडी.
बावीस, म्हटलं.

"कोण बगितलं?"

सहज विचारलं. टोमणा नव्हता त्यात,
शेजारच्या गावातल्या माणसाची चौकशी करावी तसं.
मी बोटाने वर सरकवलं, खाली सरकवलं.
तेवढं तिथे लिहिलेलं नव्हतं.
वळणावर बस हॉर्न देत होती.

प्रबंधात हुळंदवाडीच्या ओळीत मी रेघ ठेवली.
काल मसुदा परत आला.
सरांनी लाल शाईने तिच्याभोवती गोल काढलाय,
चांगला मोठा, वाटोळा.
रेघ अजून आत आहे.